ल्यों पायी बघताय? आधी वर जा, मग उतरा

फ्रान्समधल्या ल्यों शहरात चढ चढून दमू नका. मेट्रोच्या सी लाइनने क्रुआ-रूस टेकडीवर जा आणि पायी खाली उतरा. इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ, म्हणजे त्राबूल, हाच या शहराचा जीव. 9, प्लास कोलबेर इथून आत शिरलं की कूर दे व्होरास या अंगणातला सहा मजली दगडी जिना दिसतो, तिथे रेंगाळाच. आसपासच्या खिडक्या उंच आहेत, कारण रेशीम विणकरांचे जाकार माग मावायला छत सुमारे 4 मीटर उंच लागायचं. जुन्या ल्योंमधला सर्वांत लांब त्राबूल 54, र्यू सां-झाँपासून 27, र्यू द्यु बफपर्यंत जातो. दार बंद असेल तर शेजारचं बटण दाबून बघा. शक्यतो सकाळीच जा, नंतर बरीच दारं उघडत नाहीत. आत लोक राहतात, तेव्हा हळू बोला.