हाताशी आहे त्यातून फिल्म कशी उभी करायची

पटकथा लिहायला बसण्याआधी मी एक यादी करते. कुठलं घर वापरायला मिळेल, कोणते नट मनापासून वेळ देतील, त्या घरात ऊन कधी आणि कुठून येतं. गोष्ट त्या यादीतून निघते. मोठी गोष्ट आधी लिहून मग निर्माता शोधत बसलं की उमेदीची वर्षं निघून जातात. दोन माणसं, एक खोली आणि दोघांनीही टाळलेला एक विषय, एवढ्यावर छान लघुपट होतो.

लेन्स शक्यतो एकच ठेवा, ३५ किंवा ५० मिमीची. झूम नसला की जवळ जायचं तर कॅमेरा उचलून जावं लागतं, आणि पात्राच्या किती जवळ जायचं याचा विचार आपोआप होतो. माझी शैली म्हणून लोक जे ओळखतात, ते बरंचसं या बंधनातून आलंय.

उजेडासाठी खिडकी पुरते. नटाला खिडकीकडे तोंड करून बसवू नका, खांदा खिडकीकडे येऊ द्या. चेहऱ्याची दुसरी बाजू गडद हवी असेल तर तिकडे काळं कापड धरा, उजळ हवी असेल तर पांढरी चादर. घरातले दिवे बंद करा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३२०० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग जुळवताना, जीव जातो. ऊन सरकतं, म्हणून एका दिशेचे सगळे शॉट आधी उरकून घ्या.

आवाजात मात्र काटकसर नको. हललेली फ्रेम प्रेक्षक चालवून घेतो, संवाद कळला नाही की त्याचं लक्ष उडतं. बूम माइक (लांब दांड्याला लावलेला माइक) फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला, नटाच्या छातीकडे रोखलेला असावा. पंखा बंद, फ्रिजही बंद. आणि घरी जायच्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी निघत नाही. प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करा. संकलनात दोन वाक्यांमधली फट हीच शांतता भरून काढते. अभिनय जोखायचा असेल तर एखादा टेक हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका. खोटं वाक्य लगेच कानाला टोचतं.

फुटेजच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. कच्चं संकलन दाखवताना ‘आवडलं का?’ विचारू नका; ‘कुठे कंटाळा आला?’ विचारा. उत्तर प्रामाणिक मिळतं.

आता पोटापाण्याचं. मी इतरांच्या फिल्म्स संकलित करते. त्यातून घर चालतं आणि हातही चालता राहतो. नटांची लेखी संमती शूटिंगआधीच घ्या. संगीताची परवानगी फक्त महोत्सवापुरती आहे की ऑनलाइनसाठीही, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. बरेच महोत्सव प्रीमियरची, म्हणजे फिल्म आधी कुठे दाखवलेली नसण्याची, अट घालतात, म्हणून फिल्म घाईने इंटरनेटवर टाकू नका. ऑस्करच्या लघुपट विभागात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांची मर्यादा आहे, पण माझा आग्रह १५ च्या आत राहण्याचा. आयोजकांना छोटी फिल्म कार्यक्रमात बसवणं सोपं जातं. आणि महोत्सवाला जाताना पुढच्या फिल्मचा एका पानाचा सारांश सोबत असू द्या. फिल्म आवडलेला माणूस हमखास विचारतो, ‘पुढे काय करताय?’