आयरिश पूर्वज शोधताना जनगणनेवर अडून बसू नका

जून 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय संकुलातला सरकारी दफ्तरखाना जळाला आणि 1821 ते 1851च्या जनगणनेचे बहुतेक कागद राख झाले. 1861 ते 1891चे तर सरकारनेच आधी नष्ट केले होते! त्यामुळे त्या आगीच्या आधीच्या जनगणनांपैकी पूर्ण हाती लागतात त्या 1901 आणि 1911च्याच याद्या.

त्याआधीचं माणूस शोधायचं तर आधी त्याचं टाउनलँड शोधा. टाउनलँड म्हणजे साधारण आपल्या वाडीएवढा, स्वतःचं नाव असलेला जमिनीचा तुकडा. नुसतं ‘काउंटी कॉर्क’ एवढ्यावर काही हाती लागत नाही. टाउनलँड कळलं की ग्रिफिथची मोजणी (कर ठरवण्यासाठी 1847 ते 1864 मध्ये झालेलं जमीन-घरांचं मूल्यांकन) उघडा. कुठली जमीन किंवा घर कोणाच्या ताब्यात आणि ते त्याला भाड्याने देणारा कोण, दोन्ही नावं मिळतात. तिच्या पुढच्या फेरफार वह्या माझ्या विशेष आवडीच्या. जुन्या कब्जेदाराच्या नावावर रंगीत शाईची रेघ, वर नवं नाव, बाजूला साल. बाप गेला की परदेशी निघाला, याचा अंदाज तिथे येतो.

चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीत धर्ममातापित्यांची नावंही उतरवून घ्या, ते बऱ्याचदा मामा-मावशीच निघतात. आणि वयावर भिस्त नको. 1909 पासून सत्तरीनंतर पेन्शन सुरू झाली, म्हणून 1901 मध्ये अठ्ठावन्न वर्षांची आजी 1911 मध्ये एकाहत्तरची झालेली दिसते. वयाच्या पुराव्यासाठी तेव्हा 1841 आणि 1851च्या जनगणनेतले उतारे काढले जात. ते अर्ज शिल्लक आहेत, तेही चाळा.