खुल्या ॲम्फीथिएटरमध्ये रॉक बँड ऐकायचा तर जागा कुठे धरावी?

स्टेजच्या अगदी पुढ्यात गेलं की ड्रम आणि गिटार दणदणतात, पण गाण्याचे शब्दच कळत नाहीत. कडेला बसलं तर एकाच बाजूचे स्पीकर कानावर आदळतात.

उपाय सोपा आहे. आत शिरल्यावर आधी स्टेज पाहू नका, साउंड मिक्सरचं टेबल शोधा. ते बहुधा प्रेक्षकांच्या मधोमध, स्टेजसमोर असतं. तिथला माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरूनच आवाज जुळवतो, म्हणून त्याच्या आसपासची जागा धरा. बरोब्बर मागे बसलात तर टेबलाशी उभी असलेली माणसं आड येतात, तेव्हा दोन-तीन खुर्च्या बाजूला सरका. उतारावरची अगदी मागची हिरवळ स्वस्त असते खरी, पण वाऱ्याने आवाज हेलकावतो आणि शंभर मीटरवर तो सुमारे 0.3 सेकंद उशिरा पोचतो. ड्रमरची काठी आधी पडताना दिसते, ठोका मागून येतो. मला ते फार खटकतं.

एक मात्र विसरू नका: चांगल्या जागेवरही आवाज मोठाच असतो. 100 डेसिबलला 15 मिनिटांपेक्षा जास्त वेळ उघडे कान ठेवू नयेत. इअरप्लग खिशात नकोत, कानात हवेत.