वय झालं की तोंड कोरडं पडतं? आधी खाण्याकडे बघा

वय झालं की लाळ आटायचीच, असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. वयाबरोबर लाळग्रंथींमधल्या लाळ बनवणाऱ्या पेशी कमी होतात, त्यांच्या जागी चरबी भरते. पण कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथी चावताना उतारवयातही बऱ्यापैकी काम करतात, कमी होते ती मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथींची लाळ, जी आपण नुसते बसलेले असताना तोंड ओलं ठेवते. आणि घशापर्यंत कोरड पडत असेल तर बऱ्याचदा वयापेक्षा गोळ्याच जास्त जबाबदार असतात. अ‍ॅलर्जीच्या, डिप्रेशनच्या, वारंवार लघवी होते म्हणून दिलेल्या, बीपीसाठीच्या काही गोळ्या. स्वतःहून बंद मात्र करू नका, डॉक्टरांना यादी दाखवा आणि पर्याय आहे का विचारा.

आधी किती लाळ येते ते बघा. तासभर काही खाऊ-पिऊ नका, मग शांत बसून 5 मिनिटं काही न चावता तोंडात जमेल ती लाळ औषधाच्या मापाच्या टोपणात थुंकत राहा. साधारण दीड एमएल किंवा जास्त भरली तर ठीक, अर्ध्या एमएलच्या आत राहिली तर लाळ खरंच कमी आहे. फेसाळ, तारेसारखी लांबणारी लाळ हीसुद्धा खूण आहे.

आता खाणं. दात दुखतात, कवळी टोचते म्हणून माणसं सगळं मऊ करून टाकतात, सूप, खीर, मिक्सरमधलं काहीतरी, आणि नेमकं तिथेच चुकतं, कारण लाळेला मोठा धक्का चावण्यातून मिळतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नुसतं पातळ खाणं दिलं की पॅरोटिड ग्रंथी लहान होत गेल्या आणि परत चावायचं खाणं दिलं की भरून आल्या. माणसात सगळं तसंच होतं असं नाही, पण चावताना लाळ सुटते हे तर कुणीही करून बघावं. म्हणून कवळी आधी नीट बसवून घ्या, आणि रोजच्या जेवणात चावायला लागेल असं काहीतरी ठेवा: काकडी, गाजर, सफरचंद, दातांना झेपेल तेवढ्याच जाड फोडी. गिळायला त्रास होत असेल, ठसका लागत असेल तर हा प्रयोग करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

कोरडे पदार्थ रस्सा, दही, तूप घालून ओले करा पण पाण्याबरोबर ढकलत नेऊ नका, चावून झाल्यावर घोट घ्या. वयात तहानच कमी लागते, म्हणून पाणी वेळ बघून, थोडं थोडं. किडनी किंवा हृदयाच्या त्रासामुळे पाण्याचं बंधन असेल तर ते पाळा.

लिंबू चोखल्यावर लाळ सुटते, अगदी खरं, पण रोजची सवय नको. लाळ कमी असली की आम्ल धुतलं जात नाही, आणि हिरड्या मागे सरकून उघडी पडलेली दाताची मुळं वरच्या इनॅमलपेक्षा लवकर विरघळतात. खडीसाखर, गोळ्या दिवसभर गालात ठेवणं तर त्याहून वाईट. त्यापेक्षा झायलिटॉल या गोड पदार्थाची बिनसाखरेची च्युइंगम जेवणानंतर चघळा (घरात कुत्रा असेल तर ती त्याच्या हाताला लागू देऊ नका, त्याला विषारी असते). तंबाखू सोडा, दारू कमी करा, अल्कोहोलवाला माऊथवॉशही नको. ब्रश फ्लोराइडच्या पेस्टने, आणि कवळी रात्री काढून ठेवा, नाहीतर कोरड्या तोंडात बुरशी लगेच वाढते.

डोळेही कोरडे पडत असतील, गालाजवळ सूज असेल, किंवा डोक्या-मानेला रेडिएशन झालं असेल तर हे सगळं पुरणार नाही, तपासणी लागते. अशा वेळी कृत्रिम लाळेचा स्प्रे, लाळ वाढवणारी पिलोकार्पिनसारखी गोळी असे उपाय आहेत, डॉक्टर बघून देतात. दमा किंवा काचबिंदू असेल तर ते आधीच सांगा, कारण तेव्हा पिलोकार्पिनची गोळी चालेलच असं नाही.