तेलकट बोटं आणि तीन पिसं : घरी बाण बांधायला शिकताना

माझ्या पहिल्या डझनातल्या पाच बाणांची पिसं पहिल्याच सरावात सुटली. फेब्रुवारी होता, बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून इनडोअर रेंजवर गेलो होतो. बाण लक्ष्याला लागायचा आणि पीस मागे जमिनीवर लोळायचं. मी गोंदाला शिव्या दिल्या, दुसरा गोंद आणला, तरी तेच. शेवटी ऑफिसातल्या ज्या सहकाऱ्याने मला हा नाद लावला त्याने माझा हात हातात घेतला, बोटं चोळून पाहिली आणि विचारलं, "हे काय लावतोस?" मिशिगनच्या थंडीत तळवे फुटतात म्हणून मी रोज खोबरेल तेल चोपडत होतो! तोच हात शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, फिरत होता.

म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं गोंदाबद्दल नाही, पुसण्याबद्दल आहे. शाफ्टचा मागचा सहा इंच भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. पिसाचा खालचा कणाही पुसून घ्या. मी तर आता पातळ हातमोजे घालतो. बायको म्हणते ऑपरेशन चाललंय.

डेट्रॉइटच्या आसपास आपली बरीच मंडळी गाड्यांच्या धंद्यात आहेत, मीही त्यातलाच. इथे धनुष्यबाणाने शिकार करणं घरोघरी रुजलं त्यात धनुष्यं बनवणाऱ्या फ्रेड बेअर यांचा मोठा वाटा. तेही आधी पॅकार्ड गाड्यांच्या कारखान्यात पॅटर्न मेकर होते, 1933 मध्ये धंदा सुरू केला तो डेट्रॉइटमध्येच. हे कळल्यावर मला उगाचच धीर आला. भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिकडे हौसेची शिकार हा गुन्हा आहे. पिसं लावण्याची रीत मात्र लक्ष्यावर मारायच्या बाणांनाही तीच. गंमत म्हणजे त्याच 1972 साली अमेरिकेने धनुष्यबाणाच्या सामानावर वन्यजीवांच्या संवर्धनासाठी कर बसवला. आजही इथे प्रत्येक शाफ्टमागे तो भरावा लागतो.

आता सामान. माझं धनुष्य रिकर्व्ह आहे, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, आणि ते ओढायला 45 पौंडांचा जोर लागतो. त्याला 500 स्पाइनचे कार्बन शाफ्ट चालतात. स्पाइन म्हणजे शाफ्टचा ताठपणा. 28 इंचांवर दोन टेकू देऊन मधोमध 880 ग्रॅमचं वजन टांगलं की शाफ्ट जितका वाकतो तो आकडा. अर्धा इंच वाकला की 500. म्हणजे आकडा मोठा तितका शाफ्ट लवचीक, मी नेमकं उलटं समजून बसलो होतो. पहिल्या खेपेला शाफ्ट दुकानातच कापून घ्या. कार्बनची धूळ छातीत जाऊ द्यायची वस्तू नाही आणि नळ कापायच्या कटरने तर शाफ्ट चिरफळतो.

पिसं टर्कीची. प्लॅस्टिकचे व्हेनही मिळतात, पावसात ते बरे, पण रिकर्व्हच्या शेल्फवरून, म्हणजे बाण टेकतो त्या कडेवरून, बाण सोडायचा तर प्लॅस्टिक आपटून उसळतं, पीस दबून निघून जातं. टर्कीच्या उजव्या पंखाची आणि डाव्या पंखाची पिसं वेगवेगळ्या बाजूला वळलेली असतात. कुठलीही घ्या, बाण तितकाच सरळ जातो, फक्त एका बाणावर दोन्ही मिसळू नका आणि जिगचा, म्हणजे पिसं लावताना बाण धरून ठेवणाऱ्या साच्याचा, पीस पकडणारा क्लॅम्पही त्याच हाताचा घ्या. मी स्वस्त पाकीट मागवलं डाव्याचं, क्लॅम्प होता उजवा. पिसाचा कणा शाफ्टवर टेकेचना, मधून उजेड दिसत होता. महाभारतातल्या बाणांना कंकपत्र म्हणजे बगळ्याची पिसं असत. ते आठवून मागच्या अंगणात पडलेलं ससाण्याचं पीस उचलायला जाऊ नका. स्थलांतरी पक्ष्यांच्या 1918 च्या कायद्याने ते नुसतं घरात ठेवणंही गुन्हा आहे. टर्की त्या कायद्यात येत नाही.

प्रत्यक्ष काम असं. शाफ्ट जिगमध्ये नॉक, म्हणजे दोरी अडकते ते खाचेचं मागचं टोक, खाली करून बसवायचा. वेगळ्या रंगाचं पीस, इथे त्याला कॉक फेदर म्हणतात, पहिलं लावायचं. ते दोरीच्या खाचेला काटकोनात यायला हवं, म्हणजे बाण चढवल्यावर धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला राहतं. नॉकपासून इंचभर जागा सोडा, नाहीतर बोटं पिसांना लागतात. क्लॅम्पवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, म्हणजे बाकीची पिसं त्याच रेषेवर येतील. गोंदाची रेघ शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. जास्त गोंदाने जास्त चिकटतं हा भ्रम आहे, बाजूने ओघळतो आणि क्लॅम्पच चिकटून बसतो. दाबून पंधरा मिनिटं ठेवा, जिग 120 अंश फिरवा, दुसरं पीस, मग तिसरं. एका बाणाला पाऊण तास, डझनाला नऊ तास! त्यामुळे पहिल्यांदा डझनाच्या नादी लागू नका. तीन बांधा, मारून पाहा, मग पुढे.

शेवटी पिसाच्या दोन्ही टोकांवर गोंदाचा एकेक थेंब. पुढचं टोक बोटाने चाचपून बघा, टोचलं तर कानशीने घासा. बाण सुटताना ते टोक हाताच्या अगदी जवळून जातं. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर त्याची बारीक खूण अजून आहे.

बाणाच्या तोलाकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. फाळ बसवलेला बाण सुरीच्या पाठीवर आडवा तोलून बघा. माझा शाफ्ट 29 इंच, मागून मोजलं तर मध्य साडेचौदावर, तोल साधतो एकोणिसावर. मध्याच्या पुढे साडेचार इंच, म्हणजे लांबीच्या साडेपंधरा टक्के. शिकारीच्या बाणाला दहा-पंधराच्या आसपास चांगलं मानतात. पूर्ण बाण 390 ग्रेन भरतो, जेमतेम 25 ग्रॅम.

उन्हाळाभर मी सरावाच्या गोल टोकाने मारत होतो. वीस यार्डांवर सगळे बाण वाटीएवढ्या जागेत, मी खूश. सप्टेंबरमध्ये ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचा धारदार पात्यांचा फाळ, लावला, इथल्या नियमाने तो किमान 7/8 इंच रुंद लागतो, आणि तेच बाण वीतभर डावीकडे जायला लागले. ब्रॉडहेडची पाती पुढे पंखांसारखी वारा धरतात, मागच्या पिसांचं काही चुकलं असेल तर ते लगेच उघडं पडतं. गोल टोक तेच झाकून ठेवतं. मी सगळी सरळ लावलेली पिसं बोथट सुरीने खरवडून काढली आणि हेलिकल, म्हणजे किंचित पिळून लावली. बाण लवकर फिरायला लागला, गट परत जुळला.

दर वेळी मारण्याआधी कार्बनचा बाण दोन्ही हातांत धरून थोडा वाकवा, फिरवा, कान द्या. करकर ऐकू आली तर तो मोडून कचऱ्यात, मोह नको. तडकलेला शाफ्ट सुटताना हातात घुसू शकतो.

मी आता प्रत्येक बाणावर पांढऱ्या मार्करने आकडा घालतो. सात नंबरचा कायम उजवीकडे जायचा. पिसं बदलली, फाळ बदलला, काही फरक नाही. एक दिवस नॉक थोडा फिरवून बसवला आणि तो मधोमध लागला. 1 ऑक्टोबरला हंगाम उघडतो, भात्यात तो आहे, पण पहिला हात अजून चार नंबरकडेच जातो.