विमानांवरील पक्ष्यांची धडक टाळण्यासाठी इंदूरकरांनी काय करावे

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या परिसरात राहणाऱ्यांनी गच्चीवरून घारींना मांसाचे तुकडे टाकू नयेत (पुण्य मिळवायला इतर मार्ग पुष्कळ आहेत) आणि ओला कचरा झाकणबंद डब्यात ठेवून थेट कचरागाडीत द्यावा. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ वा नियम विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा उघड्यावर टाकण्यास मनाई करतो.

घार इंजिनात ओढली गेली, तर पंख्याची पाती वाकतात, हवेचा प्रवाह बिघडून मोठे धमाके होतात आणि केबिनमध्ये जळकट वास पसरतो. अशा वेळी प्रवाशांनी पट्टा बांधून बसून राहावे, कारण दोन इंजिनांचे प्रवासी विमान एकाच इंजिनावर सुरक्षित उतरू शकते. परतल्यावर इंजिनाची आतून तपासणी होईपर्यंत ते पुन्हा उडत नाही. पुढच्या गाडीचे आरक्षण त्या हिशेबाने करावे.