ब्रेक का किंचाळतात?

रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी करकरले, तर घाबरण्याचे कारण नाही. डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर, चढलेला गंजाचा पातळ थर चार-सहा वेळा ब्रेक दाबताच निघून जातो. आवाज रोजचाच झाला असेल, तर चाकाच्या फटीतून टॉर्चच्या उजेडात डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पॅडची जाडी पाहावी. अनेक पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी असते, आणि पॅड सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत झिजले की ती डिस्कला घासून मुद्दामच किंचाळते. पॅड जाड असूनही आवाज येत असेल, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांवरचे वंगण सुकले आहे का, पॅडमागची शिम (पातळ पट्टी) निसटली आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. आवाज थांबावा म्हणून पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेल मात्र कधीही लावू नये.